दोर कप्पीतून भटकला की ओवला?

प्रश्न : शिडाच्या जहाजावरील एका जुन्या प्रवासाच्या इंग्रजी वृत्तांताचे मी मराठीत भाषांतर करतो आहे. त्यात एक वाक्य असे आहे : ‘द फॉल वॉज रोव्ह थ्रू द लोअर ब्लॉक अँड लेड आफ्ट.’ हा खालचा ‘ब्लॉक’ डेकवरच्या कडीला अडकवला होता, असे त्याच्या आधीच्या वाक्यात म्हटले आहे. ‘रोव्ह’ म्हणजे भटकणे एवढेच मला ठाऊक होते, म्हणून मी ‘पडलेला दोर खालच्या ठोकळ्यातून भटकत मागे गेला’ असे लिहून टाकले आणि ते ज्यांना ज्यांना वाचून दाखवले ते सगळे हसले. माझे मेहुणे क्रेनच्या देखभालीचे काम करतात. त्यांचे म्हणणे असे की मूळ क्रियापद ‘रीव्ह’ आहे, त्याचा भूतकाळ त्यांच्या पुस्तिकांमध्ये ‘रीव्ह्ड’ असाच असतो, तेव्हा ‘रोव्ह’ हा छपाईचा दोष असणार. त्यांचे खरे मानावे का? प्रकाशकांनी पुस्तकाचा सारांश इंग्रजीतही मागितला आहे, त्यात मी कोणते रूप वापरावे? आणि मराठीत या क्रियेला काय म्हणावे?

उत्तर : तुमचे मेहुणे निम्मे बरोबर आहेत. मूळ क्रियापद ‘रीव्ह’ हेच आहे आणि ‘रीव्ह्ड’ हे त्याचे भूतकाळाचे रूपही निर्दोष आहे, परंतु तुमच्या पुस्तकातील ‘रोव्ह’ हा छपाईचा दोष नसून त्याच क्रियापदाचे दुसरे, जहाजावर अधिक रुळलेले रूप आहे. आजचे प्रमुख इंग्रजी कोश दोन्ही रूपे शेजारी शेजारी देतात आणि त्यांपैकी कोणालाही अशुद्ध म्हणत नाहीत.

आधी अर्थ पाहू. दोर, साखळी किंवा तारेचा दोर एखाद्या भोकातून, कडीतून किंवा कप्पीतून आरपार नेणे, एवढीच ही क्रिया आहे. दोर बांधणे, गाठ मारणे किंवा खुंटाळ्याला वेढे देऊन अडकवणे या क्रियांसाठी खलाशांकडे वेगळी क्रियापदे आहेत आणि ‘रीव्ह’ त्यांच्या जागी चालत नाही. ओवलेला दोर पुढे बांधला जातोच असेही नाही. कप्पीतून तो मोकळा धावावा, याचसाठी बहुतेक वेळा तो ओवलेला असतो. आता तुमच्या वाक्यातील बाकीचे दोन सापळेही दूर करून टाकू. जहाजावर ‘ब्लॉक’ म्हणजे ठोकळा नव्हे, तर कप्पी, म्हणजे कवच आणि त्यातले फिरते चाक मिळून होणारी संपूर्ण वस्तू. ‘फॉल’चाही पडण्याशी संबंध नाही. कप्प्या आणि दोर यांच्या जोडणीतून बाहेर येणारा, माणसे ज्याला धरून ओढतात तो दोराचा भाग म्हणजे ‘फॉल’. एकाच वाक्यात तीन शब्द ओळखीचे चेहरे घेऊन आले आणि तिघेही अनोळखी निघाले, तेव्हा तुमची फसगत झाली यात नवल नाही.

आता हे क्रियापद चालवून पाहू. वर्तमानकाळात ‘रीव्ह’, तृतीयपुरुषी एकवचनात ‘रीव्ह्ज’, चालू क्रियेसाठी ‘रीव्हिंग’, साध्या भूतकाळात ‘रोव्ह’ किंवा ‘रीव्ह्ड’, आणि ‘हॅज’, ‘हॅड’, ‘वॉज’ यांच्यानंतर येणाऱ्या धातुसाधितासाठीही तीच दोन रूपे. विणणे या अर्थाच्या ‘वीव्ह’चा भूतकाळ ‘वोव्ह’, त्याला जसे ‘वोव्हन’ आहे तसे ‘रोव्ह’ला ‘रोव्हन’ असावे असे कानाला वाटते आणि क्वचित कोणी तसे लिहितोही, पण तुम्ही त्या वाटेला जाऊ नका. उलट क्रियेसाठी ‘अनरीव्ह’ आहे आणि त्याचा भूतकाळ याच न्यायाने ‘अनरोव्ह’ किंवा ‘अनरीव्ह्ड’ असा होतो.

‘रोव्ह’ हे रूप आले कोठून, हा प्रश्न मला स्वतःला अधिक रंजक वाटतो. आतला स्वर बदलून भूतकाळ करणारी इंग्रजी क्रियापदे पाहिली की ती फार प्राचीन असणार असे आपण धरून चालतो. ‘हीव्ह’, म्हणजे जोर लावून उचलणे किंवा ओढणे, आणि त्याचा भूतकाळ ‘होव्ह’ या जोडीच्या बाबतीत ते खरेही आहे, कारण त्या क्रियापदाचा भूतकाळ जुन्या इंग्रजीतही स्वर बदलूनच होत असे. ‘रीव्ह’ मात्र इंग्रजीत सतराव्या शतकाच्या सुमारास दिसू लागते. शीड आवळून लहान करणे या अर्थाच्या एका डच क्रियापदापासून ते बहुधा आले असावे असा तर्क केला जातो आणि कोशकार त्यातला ‘बहुधा’ सहसा सोडत नाहीत. म्हणजे ‘रोव्ह’ हा प्राचीन वारसा नाही. ‘वीव्ह’चे ‘वोव्ह’ होते आणि ‘हीव्ह’चे ‘होव्ह’ होते, तर ‘रीव्ह’चे ‘रोव्ह’ का होऊ नये, अशा सादृश्याने ते तयार झाले आहे. मराठीत ‘जाणे’चे ‘गेला’ आणि ‘करणे’चे ‘केला’ होते हा वारसा आहे. पण इंग्रजीत सतराव्या शतकातील एका नव्या क्रियापदाने जुन्या घराण्याची चाल उचलली आणि ती तीनशेहून अधिक वर्षे टिकवली. जहाजावरचे शब्द शिकवणारा कोणी पंतोजी नव्हता. नवा खलाशी जुन्या खलाशाचे ऐकून बोलत असे, आणि अशा ठिकाणी ऐकीव रूप फार चिवट ठरते.

हे क्रियापद त्या जगात किती वेळा उच्चारले जात असेल, याची कल्पना एका आकड्यावरून येईल. ब्रिटिश आरमारासाठी पोर्ट्समथच्या गोदीत मार्क ब्रुनेल यांनी योजलेली आणि हेन्री मॉडस्ले यांनी घडवलेली कप्प्या बनवणारी यंत्रे बसवण्यात आली आणि १८०८ साली त्या एका कारखान्यातून सुमारे १,३०,००० कप्प्या बाहेर पडल्या. यातल्या प्रत्येक कप्पीतून कोणीतरी, केव्हातरी दोर ओवला असणार आणि तो झिजल्यावर पुन्हा नवा ओवला असणार. जमिनीवरच्या माणसाला जे क्रियापद आयुष्यात एकदाही लागत नाही, ते तेथे दिवसाला कित्येकदा लागत होते.

तुमचा गोंधळ झाला तो ‘रोव्ह’ या रूपाला एक जुळे भावंड आहे म्हणून. भटकणे या अर्थाचे ‘रोव्ह’ हे स्वतंत्र क्रियापद आहे आणि ते अगदी सरळ चालते : ‘रोव्ह’, ‘रोव्ह्ड’, ‘रोव्हिंग’. या दोहोंतला फरक ओळखण्यासाठी कोश उघडण्याचीही गरज नाही, वाक्याकडे नीट पाहिले तरी पुरते. ‘वॉज’ किंवा ‘हॅड’नंतर शेवटी ‘ड’ नसलेले ‘रोव्ह’ आले, तर ते भटकण्याचे असूच शकत नाही, कारण भटकण्याच्या क्रियापदाला तेथे ‘रोव्ह्ड’ व्हावे लागले असते. तुमच्या वाक्यात ‘वॉज रोव्ह’ आहे, म्हणजे उत्तर वाक्यातच होते. साध्या भूतकाळात ही खूण मिळत नाही, तेव्हा कर्म पाहावे. खलाशांनी दोर ‘रोव्ह’ केला असे असेल तर ते ओवणे होय. ते समुद्र किंवा किनारे ‘रोव्ह’ करतात असे असेल तर ते भटकणे होय. दोर आणि भोक ही जोडी आजूबाजूला कोठेतरी असतेच, आणि ‘थ्रू’ हे अव्यय तर या क्रियापदाच्या पाठोपाठ सावलीसारखे येते.

याच्या उलट चूकही होते आणि ती इंग्रजी लिहिणाऱ्यांकडून अधिक होते. ‘रोव्ह’ हेच मूळ रूप समजून काही जण ‘दे वेअर रोव्हिंग द हॅलयार्ड’ असे लिहितात. ते दोर ओवत होते असे लेखकाला म्हणायचे असते, पण वाचकाला ते त्या दोरावर भटकत होते असे दिसते. येथे ‘रीव्हिंग’च हवे. तसेच दोराच्या संदर्भात ‘रोव्ह्ड’ हे रूप म्हणजे भूतकाळावर भूतकाळ चढवणे आहे आणि ते टाळावे. ‘रोव्हिंग’ला कापड गिरणीत आणखी एक अर्थ आहे, सूत कातण्याआधीची हलका पीळ दिलेली तंतूंची जाड दोरी; त्याचा आपल्या क्रियापदाशी संबंध लावू नये. जुन्या समुद्रवृत्तांतात ‘रोव्हर’ भेटला, तर तो बहुधा दोर ओवणारा नसून समुद्री चाचा असतो, कारण लुटारू या अर्थाचा तो शब्द डच भाषेच्या घराण्यातून वेगळ्याच दाराने इंग्रजीत आला आहे. आणि मध्ययुगीन इंग्लंडच्या इतिहासात ‘रीव्ह’ नावाचा अंमलदार दिसला तर तोही निराळा. परगण्याचा, म्हणजे ‘शायर’चा ‘रीव्ह’ पुढे ‘शेरीफ’ झाला. एवढी भावकी असलेला शब्द संदर्भ सोडून एकटा वाचणे धोक्याचे असते.

आता मराठीकडे वळू, कारण तुमच्या तीन प्रश्नांपैकी याचे उत्तर देताना मला सर्वांत कमी कष्ट पडले. ‘रीव्ह’साठी मराठीत ‘ओवणे’ आहे. पारिभाषिक शब्दकोशांच्या चालीने ‘आरपार प्रविष्ट करणे’ अशी काही रचना करण्याचा मोह झाला असेल तर तो सोडून द्या. इंग्रजी क्रियापदाचे कर्म दोन प्रकारचे असू शकते : दोर ‘रीव्ह’ करता येतो आणि ज्यातून तो जायचा ती कप्प्यांची जोडणीही ‘रीव्ह’ करता येते. मराठीत आपण दोरा ओवतो आणि सुईही ओवतो, आणि ऐकणाऱ्याला त्यात कधी घोटाळा वाटत नाही. अर्थ जुळणारे शब्द दोन भाषांत अनेक सापडतात, परंतु वाक्यात वागण्याची तऱ्हाही इतकी जुळणारे थोडे. एक फरक मात्र लक्षात ठेवा. इंग्रजीत दोर स्वतःच कर्ता होऊन कप्पीतून ‘रीव्ह’ होऊ शकतो, मराठीत दोर ओवत नाही, ओवला जातो. अशा वाक्यात ‘दोर कप्पीतून जातो’ असे साधे लिहावे.

केवळ शब्दच जुळतो असे नाही, कामाची रीतही जुळते. सुईत दोरा ओवण्याआधी आपण त्याचे टोक ओले करून पिळतो, तसे खलाशीही दोराचे टोक बारीक आणि ताठ करून घेतात, म्हणजे ते कप्पीच्या फटीत अडत नाही. नेफ्यातली जुनी नाडी काढताना तिच्या टोकाला नवी बांधून ओढली की एकाच ओढीत दोन्ही कामे होतात, हे आपल्याला माहीत असते. डोलकाठीच्या शेंड्यावरच्या कप्पीतला झिजलेला दोर बदलताना नव्या दोराचे टोक जुन्याच्या टोकाला शिवून असेच ओढून घेतात, म्हणजे वर चढावे लागत नाही. तुमच्या मेहुण्यांना विचारा, क्रेनवरचा तारेचा दोर बदलतानाही जुन्याच्या मागे नवा ओढून घेण्याची रीत त्यांच्या परिचयाची असेल.

‘अनरीव्ह’ला मात्र मराठीत एकच शब्द देता येणार नाही, कारण त्यात दोन वेगळ्या घटना आहेत. खलाशाने जाणूनबुजून दोर काढून घेतला असेल तर ‘दोर कप्पीतून काढून घेतला’ असे म्हणावे. शीड वर चढवायच्या दोराचे टोक हातातून सुटले आणि तो सुर्रकन कप्पीतून निघून खाली आला, तर ‘दोर कप्पीतून निसटला’ असे म्हणावे. आजच्या शिडाच्या नौकांवर दुसरा प्रसंग अधिक त्रासदायक असतो, कारण तो पुन्हा ओवण्यासाठी कोणाला तरी डोलकाठीवर चढावे लागते. शीड आवरण्याच्या दोरांच्या टोकाला इंग्रजी आठच्या आकड्याची गाठ मारतात ती याचसाठी. गाठ कप्पीच्या तोंडाशी अडते आणि दोर निसटत नाही.

या क्रियापदाबरोबर येणारा एक वाक्प्रयोग तुमच्या पुस्तकात पुढे भेटण्याचा संभव आहे, म्हणून तोही सांगून ठेवतो. कप्प्यांची जोडणी ‘टू अ‍ॅडव्हान्टेज’ किंवा ‘टू डिसअ‍ॅडव्हान्टेज’ ‘रोव्ह’ केलेली असते. यात कोणाचा फायदा किंवा तोटा झाला असे भाषांतर करू नये. ओढायचा दोर हलत्या, म्हणजे भाराबरोबर सरकणाऱ्या कप्पीतून बाहेर येत असेल तर पहिला प्रकार, आणि स्थिर कप्पीतून बाहेर येत असेल तर दुसरा. एकेका चाकाच्या दोन कप्प्या घेतल्या आणि घर्षण बाजूला ठेवले, तर पहिल्या प्रकारात लावलेल्या जोराच्या तिप्पट भार उचलता येतो आणि दुसऱ्यात दुप्पट. तुमच्या वाक्यातली खालची कप्पी डेकवरच्या कडीला अडकवलेली, म्हणजे स्थिर आहे, आणि ओढायचा दोर तिच्यातून बाहेर येतो, तेव्हा ती जोडणी दुसऱ्या प्रकारची ठरते. खलाशांनी कमी बळाची जोडणी जाणूनबुजून निवडली, कारण त्यामुळे दोर डेकच्या पातळीवर येतो आणि बरीच माणसे रांगेत उभी राहून तो एकदम ओढू शकतात. तळटीप द्यायची असेल तर ती याची द्या. ‘रोव्ह’च्या व्युत्पत्तीची देऊ नका.

इंग्रजी सारांशात कोणते रूप घ्यावे, याबद्दल माझे मत स्पष्ट आहे. तुमचा ग्रंथ शिडाच्या जहाजांचा आहे आणि त्यात सर्वत्र ‘रोव्ह’ असेल, तर सारांशातही ‘रोव्ह’च ठेवा, त्या जगाचा आवाज त्या रूपात आहे. विषय क्रेन किंवा उत्थापक यंत्रांचा असता तर मी विनातक्रार ‘रीव्ह्ड’ सुचवले असते, कारण त्या क्षेत्रात तारेचा दोर कप्प्यांतून कसा नेला आहे त्या रचनेलाच ‘रीव्हिंग’ म्हणतात आणि त्या नामाशी ‘रीव्ह्ड’ अधिक सहज जुळते. अशा पुस्तिकेच्या मराठी भाषांतरात ‘रीव्हिंग’ हा शब्दही मी तसाच ठेवीन, कारण तेथे तो रचनेचे नाव झाला आहे. एकाच मजकुरात मात्र एका पानावर ‘रोव्ह’ आणि दुसऱ्यावर ‘रीव्ह्ड’ असे करू नका. दोन्ही शुद्ध असली तरी वाचकाला ती दोन वेगळी क्रियापदे वाटतील.

याच घडणीची आणखी दोन जहाजी रूपे तुमची वाट पाहत असतील. ‘हीव्ह’चे ‘होव्ह’ हे त्यांतले पहिले. जहाज ‘होव्ह टू’ होते असे वाचले, तर शिडे आणि सुकाणू एकमेकांविरुद्ध तोलून ते जवळजवळ जागच्या जागी थोपवून धरले होते असा त्याचा अर्थ आहे. एखादे जहाज ‘होव्ह इन साइट’ झाले म्हणजे ते दृष्टीच्या टप्प्यात आले. उसासा टाकण्यासाठी मात्र ‘हीव्ह्ड’च लागते, तेथे ‘होव्ह’ वापरले तर उसासा दोरखंडाने ओढून वर काढल्यासारखा वाटेल. आणि ‘होव्हिंग’ हे रूप तर कधीच वापरू नये.

दुसरे रूप ‘स्टेव्ह’चे ‘स्टोव्ह’, म्हणजे होडीच्या किंवा पिंपाच्या फळ्या आत दबून फुटणे. १८२० साली प्रशांत महासागरात एका स्पर्म व्हेलने धडक दिल्यामुळे ‘एसेक्स’ हे व्हेलशिकारी जहाज बुडाले, त्या घटनेच्या वर्णनात हे रूप हमखास येते. आपल्या घरात ‘स्टोव्ह’ शब्द इतका रुळला आहे की ‘अ स्टोव्ह बोट’चे भाषांतर करताना होडीत स्वयंपाकाची सोय होती असे लिहिण्याचा धोका खरोखर संभवतो. ती फळ्या फुटलेली होडी आहे. संकट टाळणे या अर्थाच्या ‘स्टेव्ह ऑफ’चा भूतकाळ मात्र जहाजावरही ‘स्टेव्ह्ड ऑफ’ असाच होतो.

तुमचे वाक्य मी असे लिहिले असते : ‘ओढायचा दोर खालच्या कप्पीतून ओवून जहाजाच्या मागच्या भागाकडे नेला होता.’ ‘आफ्ट’साठी ‘मागे’ एवढेच लिहिले तर दोर मागे परतला असा भास होतो, म्हणून ‘मागच्या भागाकडे’ असे लांबवले आहे. याच प्रकरणात हा शब्द पुन्हा आला तर दुसऱ्या वेळी ‘मागल्या अंगास’ एवढ्यावर भागेल.